जीनोटाईप, फेनोटाईप आणि आमची तासगावची बाग

भाचीची पुढच्या महिन्यात बारावीची बोर्ड एक्झाम, परवा आली ती बायोलॉजीचं पुस्तक घेऊनच. जेनेटिक्सच्या सगळ्या व्याख्या धडाधड म्हणून दाखवल्या तिनं, जीन, अलील (एकाच जीनची वेगवेगळी रूपं), होमोझायगस (जोडीतले दोन्ही अलील सारखे), हेटरोझायगस (दोन्ही वेगळे), पण मी म्हणलं अगं जीनोटाईप आणि फेनोटाईपमधला फरक उदाहरण देऊन सांग, तर पुस्तकातल्या मेंडेल या शास्त्रज्ञाच्या वाटाण्याच्या पुढं गाडी जाईना. म्हणलं चल बागेत.

आमची एक एकर तास-ए-गणेश जातीच्या द्राक्षाची बाग आहे. द्राक्ष आपण बी टाकून लावत नाही, काडी आणून कलम करतो, म्हणजे खुंट (ज्याच्यावर कलम बांधतो तो खालचा मुळाचा भाग) सोडला तर बागेतला प्रत्येक वेल एकमेकाची कॉपी. गुणसूत्रं ३८, म्हणजे १९ जोड्या (माणसात २३ जोड्या, ४६), आणि त्यांच्यावरचे जीन सगळ्या वेलांत तेच. हा झाला जीनोटाईप. आता वरच्या मुरमाड रानातला घड आणि ओढ्याकडच्या काळ्या रानातला घड शेजारी ठेवले तर मण्याचा साईज वेगळा, गोडी वेगळी, आणि जीएचं डिपिंग (मणी फुगवायला घड जिबरेलिक ॲसिडच्या पाण्यात बुडवणं) चुकलेल्या ओळीत तर मणी बुटकाच राहिलेला. जीन तेच पण माती, पाणी, डिपिंग वेगळं. डोळ्याला जे दिसतं ते फेनोटाईप. हे तिला लगेच पटलं.

मग तिनं विचारलं, मामा, सगळी कॉपीच असेल तर नवीन जात येते कुठून? हा प्रश्न मला फार आवडला. कधीतरी काडीवरच्या एखाद्या डोळ्यातल्या (जिथून नवी फूट येते त्या कोंबातल्या) पेशीच्या डीएनएमधे बदल होतो, म्यूटेशन, आणि त्या डोळ्यातून फुटलेल्या काडीला वेगळेच घड लागतात. लक्ष असणारा शेतकरी तेवढीच काडी राखून कलमं करतो. तास-ए-गणेश अशीच थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या जातीमधून निघाली, आणि ती काढली आपल्याच तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वेंनी! सोनाका, माणिक चमन या जातीही मूळच्या थॉमसनच्याच. वर्गात म्यूटेशन म्हणलं की मुलांना आजारच आठवतो, इथं अख्ख्या तालुक्याचं पोट त्याच्यावर चाललंय.

खुंटाचंही विचारलं तिनं. खाली डॉगरिज जातीचा खुंट, वर गणेश, एकाच झाडात दोन जीनोटाईप, पण खुंटाचे जीन काय वर मण्यात चढत नाहीत, त्यामुळं मणी गणेशचाच राहतो.

एक गोष्ट मात्र मी तिला तीनदा सांगितली, कारण पुस्तक वाचून बऱ्याच जणांचा तिथं गैरसमज होतो. ती म्हणली डॉमिनंट म्हणजे स्ट्राँग आणि रिसेसिव्ह म्हणजे वीक, कमी दिसणारं. तसं नाही. द्राक्षात काळा रंग डॉमिनंट आणि हिरवा रिसेसिव्ह, काळ्याचा एक अलील असला तरी मणी काळा होतो, हिरवा व्हायला दोन्ही अलील हिरव्याचेच लागतात. आणि तासगावात नजर टाक, जास्त बागा हिरव्याच. कारण लोकांनी तीच काडी लावली. डॉमिनंट म्हणजे जोडीत कुणाचा गुण दिसतो एवढंच. मेंडेलच्या वाटाण्यातसुद्धा ७८७ उंच आणि २७७ बुटके आले, म्हणजे साधारण तीनास एक, पण ते दोन हेटरोझायगस झाडांच्या पिल्लावळीचं गणित आहे, गावभरच्या मोजणीचं नाही.

जाताना बाजारातल्या काळ्या बियांच्या द्राक्षाच्या सहा बिया तिनं ओल्या कापडात गुंडाळून फ्रीजमधे ठेवल्यात, तीन महिने गारठा दिल्यावर पेरणार, सहा बियांचे सहा वेल एकमेकांपासून कितपत वेगळे निघतात ते तिला बघायचंय. बहिणीला सांगून ठेवलंय, ते कापड टाकू नको.