सहा रात्रींचा हिशेब

बेळगावजवळच्या खानापूर स्टँडसमोर माझं दुकान आहे. झेरॉक्स, उतारे, वीजबिलं, कॉलेजचे अर्ज. त्यातला निम्मा वेळ मराठी माणसांचे अर्ज कन्नडमध्ये भरून देण्यात जातो. पुण्याच्या मेट्रोचं कार्ड माझ्या टेबलावर येईल असं कधी वाटलं नव्हतं. ते आलं 2025 च्या जुलैत, दुसऱ्या आठवड्यात.

कणकुंबीकडची बस पावसामुळे तासभर उशिरा आली होती. त्या बसमधून एक मुलगी आणि तिचे वडील उतरले. मुलगी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. तिच्या वहीत शक्ती योजनेचं, म्हणजे बायकांना फुकट मिळणारं, शून्याचं तिकीट घडी करून ठेवलेलं, वडिलांच्या हातात पैसे देऊन काढलेलं, आणि तेही भिजून अर्धं पुसलेलं. वडिलांना मी मामा म्हणालो. मामांच्या पायात रबरी बूट होते. आमच्याकडे पावसाळ्यात ते सगळेच घालतात, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

“दादा, ह्या कार्डाचा जूनचा सगळा हिशेब काढून द्या की,” मुलगी म्हणाली.

मामा लगेच म्हणाले, “नको ओ. पोरगी उगाच मागं लागलीय.”

प्रकरण असं होतं. मामा पिंपरीत रात्रपाळीचे वॉचमन, कंत्राटदाराकडून लागलेले. खोली दापोडीला. ड्युटी रात्री आठ ते सकाळी आठ. जूनच्या पगारात सहा रात्री गैरहजर धरून 3,000 रुपये कापले होते. मामांचं म्हणणं, एकही खाडा नाही. पण नेमणुकीचं पत्र नाही, हजेरीची वही सुपरवायझरच्या पिशवीत. मुलीला आठवलं की वडील मेट्रोने ये-जा करतात, आणि कार्ड दाखवून आत गेलं की त्याची नोंद कुठेतरी राहत असणार. मला तिचं फार कौतुक वाटलं. दुकानात येणारी बरीच शिकलेली माणसंही एवढा विचार करत नाहीत.

ते कार्ड नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड होतं, 4 मार्च 2019 ला देशात सुरू झालेलं. मेट्रोच्या फाटकाला ते टेकवलं की फाटक बँकेला विचारत बसत नाही. पैसे कार्डाच्या चिपमध्येच असतात, जास्तीत जास्त 2,000 रुपये. आत जाताना स्टेशन चिपवर लिहिलं जातं, बाहेर पडताना भाडं कापलं जातं, आणि त्याची खबर बँकेला मागाहून पोचते. हे मी मुलीला सांगितलं, कारण पुढे त्यानेच आमचा घोळ होणार होता.

आधी ओटीपीचा घोळ झाला. मामांचा फोन बटणांचा. बँकेच्या पानावर नंबर टाकला, ओटीपी पाठवला, पण काही येईना. दुसऱ्यांदा पाठवला, तरी नाही. मुलीचा चेहरा उतरला. मी फोन हातात घेऊन बघितला तर मेसेजचा डबा काठोकाठ भरलेला. जुने जाहिरातींचे मेसेज पुसायला बसलो, तेव्हा मामा थोडे सैलावले. म्हणाले, “कार्ड कशाला घेतलं सांगू? बसची पायरी चढवंना. मेट्रोला लिफ्ट असतीय.” त्या वाक्याचा अर्थ मला तासाभराने कळला.

जूनचं विवरणपत्र निघालं. प्रत्येक प्रवासाची एक ओळ: कुठे आत, किती वाजता, कुठे बाहेर, किती कापले. मुलीने वहीत रकाने आखले आणि जुळवायला लागली. काहीच जुळेना. कंत्राटदाराने 9 तारीख गैरहजर धरलेली, आणि ओळ दिसत होती 11 तारखेची. ती रडकुंडीला आली. मग मी तिला तारखांचे दोन रकाने दाखवले. एक प्रवासाचा, दुसरा व्यवहार बँकेत पोचल्याचा. ती दुसरा वाचत होती. शिवाय रात्रपाळीची हजेरी सुरू होते त्या तारखेला लागते आणि घरी परतण्याची ओळ दुसऱ्या दिवसाची असते. हे दोन्ही ध्यानात घेतल्यावर वही भराभर भरत गेली. संध्याकाळी दापोडी ते पीसीएमसी, म्हणजे पिंपरीचं मेट्रो स्टेशन, सकाळी पीसीएमसी ते दापोडी. ओळीखाली ओळ.

कापलेल्या सहा रात्री होत्या 2, 5, 9, 12, 16 आणि 19 जूनच्या. त्यांच्या दुसऱ्या दिवशीच्या ओळी मुलगी मोठ्याने वाचत होती.

“3 तारीख, सकाळी 8 वाजून 9 मिनिटं, पीसीएमसी ते पुणे रेल्वे स्थानक. 6 तारीख, पुणे रेल्वे स्थानक. 10 तारीख, पुणे रेल्वे स्थानक.” ती थांबली. “बाबा, दर मंगळवारी नि शुक्रवारी पुणे स्टेशनला कशाला जात होता?”

मामा दाराबाहेरचा पाऊस बघत बसले. मी पुण्यात दोन वर्षं राहिलेला माणूस. पीसीएमसीहून गेलं तर जिल्हा न्यायालय स्टेशनवर गाडी बदलावी लागते, आणि पुणे स्टेशनच्या जवळ ससून रुग्णालय आहे, एवढं मला माहीत होतं. मी गप्प राहिलो. ते सांगणारा माणूस मी नव्हतो.

बऱ्याच वेळाने त्यांनी उजवा बूट काढला. अंगठ्याजवळ पट्टी, पिवळी पडलेली. साखर होती, जखम एप्रिलपासून भरत नव्हती. आठवड्यातून दोनदा ड्रेसिंगला जायचे. केसपेपरच्या रांगेत लवकर नंबर लागावा म्हणून त्या सकाळी आठ वाजले की निघायचे, आणि सुपरवायझर वही घेऊन यायचा सव्वाआठनंतर. सही राहायची. सही नाही म्हणजे रात्र नाही. घरी मात्र सांगितलेलं की रोप लावणीला म्हणून सुट्टी काढून आलोय. “आई म्हणत होतीच, लावणीला आलेला माणूस चिखलात पाय घालीना,” मुलगी म्हणाली आणि पुढे तिला बोलता येईना. मी चहा सांगितला. दुकानात दोन गिऱ्हाइकं थांबली होती, त्यांना दुपारी या म्हटलं.

चहा झाल्यावर मामा स्पष्ट बोलले. “पैसं गेलं तरी चालंल. पण ससूनचं त्यांना कळू नये. पायाचं कळलं तर कामावरनं काढतील.”

म्हणजे जो कागद त्यांची मजुरी सिद्ध करत होता, तोच त्यांचा आजार उघडा करत होता. या कार्डांबद्दल माझं मत त्या दुपारी कायमचं बदललं. आपण हिशेब म्हणून जो कागद काढतो, तो माणूस कुठे उतरला, किती वाजता उतरला, आठवड्याच्या कोणत्या वारी उतरला हे सगळं सांगतो. कुणाच्याही हातात तो द्यायच्या आधी ज्याचं कार्ड त्याने बसून वाचला पाहिजे.

मुलगी हळूच म्हणाली, “दादा, पीडीएफमधल्या तेवढ्या सहा ओळी पुसता येतील?”

येतात. पाच मिनिटांचं काम. पण मी ते करत नाही, आणि तिला तसं सांगितलं. एक ओळ पुसलेली कुणाच्या ध्यानात आली तर उरलेल्या खऱ्या ओळींवरही कोण विश्वास ठेवणार? पुसणं वेगळं आणि विचारलं तेवढंच सांगणं वेगळं. वाद होता तो रात्री कामावर होते का, एवढाच. त्याला आदल्या संध्याकाळी पीसीएमसीला बाहेर पडल्याची वेळ आणि सकाळी पीसीएमसीलाच आत शिरल्याची वेळ पुरते. सकाळी पुढे कुठे उतरले हा कंत्राटदाराचा प्रश्नच नाही. आम्ही त्या दोन वेळांचा तक्ता केला, खाली लिहिलं की मूळ विवरणपत्र कामगार अधिकाऱ्यांनी मागितल्यास त्यांना दाखवू.

अर्ज मी स्वतः लिहिला. एक कंत्राटदाराला आणि एक ज्या इमारतीत ड्युटी होती तिच्या मालकांना, कारण तेव्हा लागू असलेल्या 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याप्रमाणे कंत्राटदाराने मजुरी दिली नाही तर ती द्यायची जबाबदारी मूळ मालकावर येत होती. महाराष्ट्रात जाणारा कागद म्हणून मराठीत लिहायचा होता. रोज दुसऱ्यांच्या कन्नड रकान्यांत नावं बसवणारा मी, त्या दिवशी दोन पानं सलग मराठीत टाईप केली. मामांनी सही करताना पेन घट्ट धरून पूर्ण नाव लिहिलं.

एक अडचण उरली होती आणि मी ती लपवू दिली नाही. 16 तारखेच्या संध्याकाळची ओळच नव्हती. त्या दिवशी मामा एका ओळखीच्या माणसाच्या गाडीवर बसून गेले होते. तक्त्यात तो रकाना मोकळाच ठेवला.

ओळखीच्या डॉक्टरांना फोन करून बेळगावच्या सिव्हिलला कधी न्यायचं ते विचारलं. दुसऱ्याच दिवशी न्या म्हणाले. दोघं पावणेचारच्या बसने परत गेले.

बारा दिवसांनी मुलीचा फोन आला. पाच रात्रींचे पैसे जमा झाले होते. 16 तारखेची रात्र दिली नाही. पाच मिळाल्या तेव्हा सहावीसाठी पुन्हा भांडू नका असं मामांनी तिला बजावलं होतं. मला ते अजून पटलेलं नाही, कारण सकाळची 8 वाजून 11 मिनिटांची ओळ होती आणि तेवढी पुरेशी होती.

ऑगस्टच्या शेवटी ती स्वतःच्या शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी आली. मामांचा पाय सुकत होता, कामावर अजून गेले नव्हते. काम झाल्यावर तिने पर्समधून ते कार्ड काढलं. त्यात 64 रुपये शिल्लक होते, ते परत मिळतील का, म्हणाली. मी सांगितलं, पैसे चिपमध्ये आहेत, मेट्रोच्या फाटकावर खर्च होतील.

तिने कार्ड पुसून परत पर्समध्ये ठेवलं. “मग असू दे. बाबा जातील तेव्हा लागतील.”