कानशीची सुरी

भांड्यांच्या दुकानात शंभराच्या नोटेत बऱ्यापैकी सुरी येते, वर सुटे पैसे परत मिळतात. मग जुनी कानस तापवा, घासा, पुन्हा तापवा, हा उपद्व्याप कशासाठी, असा प्रश्न आमच्या घरात पहिल्याच दिवशी विचारून झाला. त्याला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. अजूनही नाही. पण हौसेला उत्तरं कोण मागत बसतं!

कानसच का, याचं कारण मात्र सरळ आहे. तिचं कामच दुसरं लोखंड घासण्याचं, म्हणजे ती त्याच्याहून कडक हवी. म्हणून तिच्या पोलादात कार्बन भरपूर असतो, साधारण एक टक्का किंवा थोडा वरच. कोयत्या-विळ्यांसाठी आपल्याकडे ट्रकच्या कमानीचा जुना पाटा वापरतात, त्यात तो अर्ध्या टक्क्याच्या जरा पुढे. बांधकामाच्या सळईत याहून कितीतरी कमी. एवढ्याशा फरकाने सगळं बदलतं. सळईची सुरी दिसायला होईल, पण टोमॅटोच्या सालीवरून नुसती सरकेल.

जुन्या कानशी हव्या असतील तर पुण्याचा जुना बाजार. बुधवारी आणि रविवारी भरतो. पाने, पकडी, नळाच्या तोट्या आणि कुणाच्या तरी आजोबांचे चष्मे यांच्या ढिगात त्या गंजून पडलेल्या असतात. भाव सांगताना दुकानदार आधी आपल्या तोंडाकडे बघतो, मग कानशीकडे. घेताना एक पारख करून घ्यावी, कारण काही स्वस्त कानशी वरच्या सालीपुरत्याच कडक असतात, आतून साधं लोखंड. कड ग्राइंडरवर जरा खोल घासायची आणि ठिणग्या बघायच्या. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि सरळ जातात. चांगल्या पोलादाची ठिणगी पुढे जाऊन फुटते, फुलबाजीसारखी, एकीच्या चार होतात.

त्या ढिगात मला एक कानस अशी मिळाली की तिच्या शेपटीजवळ शेफील्डचा शिक्का होता. तिला मी भट्टी दाखवली नाही. इंग्लंडातल्या त्या गावात एकोणिसाव्या शतकातही बऱ्याच कानशींचे दात छिन्नी-हातोड्याने, एकेक करून पाडत. खालचे दात दबू नयेत म्हणून कानशीखाली शिशाची लादी ठेवत, आणि ते शिसं कारागिरांच्या अंगात भिनून त्यांचे हात लुळे पडत. माझ्या कानशीचे दात हाताने पाडलेले आहेत की यंत्राने, ते मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण सुरीसाठी दुसऱ्या चार कानशी होत्या की! त्यातली एक साधी, देशी घेतली. रत्नागिरीत कानशींचा मोठा कारखाना आहे, तेव्हा ती कोकणातली असल्याचं मी परस्पर ठरवून टाकलं.

आता या कडक बाईला आधी मऊ करायचं. घमेल्याला आतून मातीचा लेप, इस्त्रीवाल्याकडून आणलेला कोळसा, आणि भात्याच्या जागी पाइपला जोडलेला केस वाळवायचा ड्रायर. (ड्रायर कोणाचा, हा घरातला दुसरा प्रश्न.) कानस लाल होत जाते, पण किती लाल म्हणजे पुरे, हे नवख्या डोळ्याला कळत नाही. तिथे चुंबक कामाला येतं. लोखंड 770 अंशांच्या आसपास गेलं की त्याला चुंबक चिकटेनासं होतं. त्याच्या जरा पुढे न्यायचं आणि राखेच्या डब्यात खोल पुरून टाकायचं. रात्रभर ती सावकाश निवते. आदल्या दिवशी जिच्यावर हॅकसॉचं पान नुसतं किंचाळत होतं, ती सकाळी मुकाट्याने कापली जाते.

पुढचं काम घासण्याचं, आणि ते दुसऱ्या कानशीने. आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना सुरुवातीला कानसच मारायला लावतात, ती कंटाळतात, आणि मास्तर मुळीच ऐकत नाहीत. मास्तरांचं बरोबर आहे. कानस कापते ती फक्त पुढे ढकलताना. मागे ओढताना दाब सोडायचा, नाहीतर तिचेच दात मरतात. दातांत कीस भरू नये म्हणून आधी तिच्यावर खडू फासायचा. शाळेतला पांढरा खडू चालतो. मग कीस करड्या पिठासारखा भुरभुर पडू लागतो, आणि तासाभराने बोटांना लोखंडाचा जो वास येतो तो साबणानेही जात नाही.

सुरीच्या अंगावर कानशीचे जुने दात नक्षी म्हणून तसेच ठेवायची काही जणांना हौस असते. मला ती पटत नाही. एकतर पाणी देताना, म्हणजे लाल तापलेलं पातं कडक व्हावं म्हणून एकदम बुडवून निववताना, तडा जायचा तो बहुधा दाताच्या खाचेतूनच जातो. दुसरं म्हणजे, त्या खाचांत अडकलेली कोथिंबीर कोण काढत बसणार? मी दोन्ही बाजू सपाट होईपर्यंत घासल्या. धार मात्र या टप्प्यावर काढायची नाही. कडेला मिलिमीटरभर जाडी राखायची, फार पातळ केली तर पाणी देताना पातं पिळवटतं.

पाणी द्यायचं ते तेलात. कारखान्यात कानशींना मिठाच्या पाण्यात बुडवतात, पण पातळ पात्याला तो धक्का सोसेलच असं नाही. म्हणून गोडेतेल, हाताला चांगलं चटकेल इतपत गरम. लाल पातं टोकाकडून सरळ आत घालायचं, आडवं हलवायचं नाही. भसकन धूर, एखादी ज्वाळा, आणि सगळ्या जिन्यात तळणीचा वास. (झाकण हाताशी हवं, आणि हे स्वयंपाकघरात करायचं नाही.) तेल निथळलं की धारेच्या बाजूला कानस लावून बघायची. ती चावली नाही, नुसती घसरली, की जमलं.

अर्थात पातं आता फाजील कडक झालेलं असतं. फरशीवर पडलं तर तुकडे व्हायचे. त्याचा ताठा थोडा उतरवायला लागतो, त्यासाठी केकचा ओव्हन उत्तम. 200 अंश, तासभर, दोनदा. आधी पातं घासून लख्ख करून ठेवलं तर काचेतून रंग बघायला मिळतो. आधी फिकट पिवळा, मग पिकल्या गवताचा. सुरीला इथेच थांबवायचं. पुढे तपकिरी, जांभळा आणि 300 च्या आसपास निळा येतो. निळा सुंदर दिसतो, पण तो स्प्रिंगला शोभणारा, सुरीला नाही.

एका मित्राने पुढची तलवार कर म्हणून सुचवलं. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या शस्त्राला परवाना लागतो. घरकामाची आणि शेतीची हत्यारं त्यातून वगळली आहेत. मी कांद्यावर समाधानी आहे.

एवढं होऊनही रस्त्याकडेला पाल टाकून बसलेल्या लोहारांसमोर उभं राहिलं की आपला तोरा जागच्या जागी उतरतो. नवरा सांडशीत पाटा धरून छोट्या हातोडीने जागा दाखवतो आणि बायको बरोबर त्याच जागी घण घालते. ना चुंबक, ना ओव्हन. रंग बघतात, पाण्यात टोक बुडवतात, पुन्हा रंग बघतात, झालं. त्यांना विचारलं, कानशीचा विळा का करत नाही? बाई घण टेकवून म्हणाली, "लई कडक माल, दादा. दगडाला लागला की टवका उडतो. मग गिऱ्हाईक आमच्या नावानं बोंबलतं." माझा कार्बनचा सगळा अभ्यास तिने तीन वाक्यांत संपवला.

मुठीला बाभळीच्या दोन फाळ्या, पितळी रिबिटा आणि वरून जवसाचं तेल. सुरी कापते उत्तम, पण तिचे नखरे आहेत. लिंबू चिरून तशीच ठेवली की काळी पडते, ओली राहिली की गंजते. कापलं की पुसायचं, हा नियम माझ्याशिवाय घरात कोणी पाळत नाही.

आईने ती हातात घेतली, एक कांदा चिरला आणि खाली ठेवली. "चांगली आहे रे, पण सुरीने चिरायचं म्हणजे हात अधांतरी. विळी कर मला. खवणीसकट." कानस विळीला रुंदीत पुरायची नाही, तिथे पाटाच पाहिजे. शिवाय खवणीचे दात पाडायला पुन्हा तिकोनी कानस लागणारच. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला पाट्याचं विचारून ठेवलं आहे. तो किलोवर द्यायला तयार आहे, पण अख्खा घ्यावा लागेल म्हणतो.