ड्रिल बिटवरचे ते दोन पिळाचे खाचे

जुन्या अमेरिकन हत्यारांच्या पेटंटमधलं माझं सगळ्यात लाडकं म्हणजे स्टीफन मोर्सचं, १८६३ चं, ट्विस्ट ड्रिलचं, म्हणजे पिळाचे खाचे असलेल्या ड्रिल बिटचं. त्याआधी बहुतेक ठिकाणी चपटी ड्रिल चालायची, लोखंड ठोकून टोकाला चपटं केलेलं आणि धार लावलेली, पण कीस, म्हणजे कापलेल्या धातूचा चुरा, भोकातच अडकायचा, सारखं ड्रिल बाहेर काढून साफ करत बसा. पिळाच्या खाचांमधून कीस आपोआप वर येतो, किती साधं आणि किती सुंदर!

पण खरी मजा पुढे आहे. तेव्हा तिकडे यादवी युद्ध चालू होतं, बंदुकीच्या निपलला (ज्यावर ठिणगी पाडणारी टोपी बसते ती छोटी नळी) भोक पाडायला अशीच ड्रिल लागायची आणि प्रॉव्हिडन्सच्या कारखान्यात कामगार त्यांचे खाचे चक्क गोल कानशीने हाताने घासून काढत होते. ते बघून त्या कारखान्याचा प्रमुख फ्रेडरिक हाऊ थेट यंत्रं बनवणाऱ्या जोसेफ ब्राऊनकडे गेला, आणि १८६२ मध्ये ब्राऊनने युनिव्हर्सल मिलिंग मशीन बनवलं, म्हणजे फिरत्या कटरने असे पिळाचे खाचे कापणारं यंत्र, जे पुढे गिअरचे दातेसुद्धा कापायला लागलं. या मशीनचं पेटंट १८६५ चं. त्याचं ड्रॉइंग एकदा नीट बघाच, एवढ्याशा खाचेसाठी केवढं डोकं लावलंय. आणि आपल्याकडे आयटीआयवाले लेथच्या टेलस्टॉकमध्ये (मागच्या बाजूच्या आधारात) जो मोर्स टेपर, म्हणजे ड्रिल घट्ट बसवायचा निमुळता दांडा, बसवतात ना, तो मोर्स म्हणजे हाच ट्विस्ट ड्रिलवाला स्टीफन मोर्स.