चौसष्ट भागांतले सात

उपनिबंधक कार्यालयाच्या बाहेर, कडुनिंबाखाली माझं टेबल आहे. जुना कॉम्प्युटर, प्रिंटर, वर निळी ताडपत्री आणि चार प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यातली एक कायम तुटकी. एकवीस वर्षं मी नाशकात दस्त टाईप करते. खरेदीखत, बक्षीसपत्र, भाडेकरार, मृत्युपत्र, आणि या सगळ्यांहून जास्त हक्कसोडपत्र. त्याचा मजकूर इतका पाठ आहे की गिऱ्हाइकाशी बोलता बोलता बोटं आपोआप चालतात: 'सदर मिळकतीतील माझा हक्क, हिस्सा व हितसंबंध मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय व कोणताही मोबदला न घेता सोडून देत आहे.' लिहून देणार बहीण, लिहून घेणार भाऊ. याच्या उलटे दस्त एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

मागच्या पावसाळ्यात चहाच्या टपरीवर दोन वकिलांची जुंपली. एक म्हणे, मुसलमानांच्या धर्मातच बाईला अर्धं. दुसरा म्हणे, ख्रिश्चनांचं तरी काय, त्यांच्या त्या पौल नावाच्या प्रेषिताने बाईला मंडळीत तोंड उघडू नको म्हणून लिहून ठेवलंय. दोघंही हिंदू, दोघांनीही ती पुस्तकं उघडलेली नाहीत. आपली तरी कुठे उघडलीत, असं जिभेवर आलं होतं, पण माझी निम्मी कामं त्यांच्याकडूनच येतात. तर गप्प बसले.

माझ्या फळीवर मात्र दोन्ही पुस्तकं होती. बायबल एका शरणपूरच्या मावशींनी दिलेलं, मराठी कुराण एका स्टॉलवरून आणलेलं. ज्ञानेश्वरीच्या शेजारी धूळ खात होती. पावसात काम थंड असतं, म्हणून वाचायला घेतली.

कुराणात दुसऱ्याच सूरहमध्ये, म्हणजे प्रकरणात, मी अडकले. आयत २८२. आख्ख्या कुराणातली सगळ्यांत लांब आयत, आणि ती चक्क आमच्या धंद्याची आहे! उधारीचा व्यवहार केलात तर लिहून ठेवा. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावं, लिहायला नाही म्हणू नये. रक्कम लहान असो की मोठी, मुदतीसकट लिहायचा कंटाळा करू नये. लिहिणाऱ्याला आणि साक्षीदाराला त्रास देऊ नये. (हे शेवटचं छापून टेबलाला चिकटवावं असं फार वाटलं.) त्याच आयतीत ते दुसरंही आहे: दोन पुरुष साक्षीला घ्या, दोन नसतील तर एक पुरुष आणि दोन बायका, म्हणजे एक चुकली तर दुसरी आठवण करून देईल. सातव्या शतकातल्या अरबस्तानात बाईला साक्षीला घेतलं हेच मोठं होतं, असं समजावणारे भेटतात. असेलही. मला टोचलं ते टोचलंच.

पण मग माझे दस्त आठवले. आमच्या कचेरीत बाईची साक्ष पूर्ण एक धरतात. दोन्ही साक्षीदार बायका असल्या तरी कायद्याची काही हरकत नाही. एकवीस वर्षांत तसा एकही दस्त केल्याचं मला आठवत नाही. बहिणीच्या हक्कसोडपत्रावर साक्षीला येतात ते भावाचे मित्र. बाहेर मोटारसायकल लावून, आधार कार्डाची झेरॉक्स खिशात घेऊन.

त्याच दिवसांत जुन्या नाशकातलं एक कुटुंब आलं. दोन मजली घर, खाली दुकानाचा गाळा. तीन भाऊ, दोन बहिणी, बुरख्यातली म्हातारी आई रिक्षातच बसलेली. त्यांच्यात बाप जिवंत असताना मुलीला हक्क सोडता येत नाही. तोवर हिस्सा म्हणजे नुसती आशा, आणि आशेचा दस्त होत नाही. वडील गेले, चाळिसावा झाला आणि आठवड्याच्या आत सगळे माझ्या टेबलाशी. थोरला भाऊ हज करून आलेला, बोलायला अतिशय अदबशीर. व्याज हराम म्हणून बँकेत एफडीसुद्धा ठेवत नाही, हे त्याने स्वतःच सांगितलं.

मसुदा तयार झाला. प्रिंटवर बोट ठेवणार तेवढ्यात धाकटी बहीण म्हणाली, "ताई, थांबा जरा." तिने माझ्याकडचा एक वाया गेलेला झेरॉक्सचा कागद ओढला आणि पाठीवर लिहायला लागली. "घराचे चौसष्ट भाग करा. अम्मीचा आठवा हिस्सा, म्हणजे आठ. उरले छप्पन्न. भावाला दोन, बहिणीला एक, असे आठ वाटे, एकेक वाटा सातचा. भावांना चौदा-चौदा. मला सात, आपाला सात." मग भावाकडे बघून, "अब्बांचं कर्ज फेडल्यावर. तेही तिथेच लिहिलंय."

मी मनातल्या मनात बेरीज केली. आठ, बेचाळीस, चौदा. बरोबर चौसष्ट.

भावानेही हिशोब चुकला म्हटलं नाही. तो म्हणाला, "बरोबर आहे बेटा. पण चांगल्या घरच्या बहिणी असं मागत नसतात."

मोठी बहीण इतका वेळ गप्प होती. ती हसून म्हणाली, "मेहेर पहिल्याच रात्री माफ करून घेतला, आता हिस्सा माफ करते. माफ करण्यातच आयुष्य गेलं माझं." (मेहेर म्हणजे लग्नात नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम.) मग धाकटीला हळूच, "मला मायका राहू दे गं. ईदला कुठे जाऊ मी?" मोठीने सही केली. धाकटी म्हणाली, मी नंतर सांगते, आणि उठून गेली. तिच्या नावाचा वेगळा दस्त करायचा ठरला, नोंदणीचं टोकन नंतर घेऊ म्हणाले.

त्या रात्री मी सूरह निसा काढली. आधी सातवी आयत: आईबापांनी मागे ठेवलेल्यात पुरुषांचा हिस्सा आहे आणि स्त्रियांचाही हिस्सा आहे, ते थोडं असो की जास्त, ठरवून दिलेला हिस्सा. मग अकरावी-बारावीत सगळे अपूर्णांक. आणि ते संपल्यावर बजावलंय की या अल्लाहच्या हद्दी आहेत, ओलांडील त्याला आग. मेहेर चौथ्या आयतीत आहे: बायकांना त्यांचा मेहेर खुशीने द्या. मग, त्यांनी आपण होऊन काही सोडला तर खा. देणाऱ्याने पहिलं वाक्य गाळलं आणि दुसऱ्यावर संसार उभा केला. टपरीवरचा वकील 'अर्धं, अर्धं' म्हणून ओरडत होता. त्या अर्ध्यासाठी मी कधी कुणाला टोकन घेताना बघितलेलं नाही.

आता शरणपूर. मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात नाशकात वसवलेलं, शरण आलेल्यांचं पूर. आफ्रिकेतल्या गुलामांच्या व्यापारातून सोडवलेली मुलंही इथे शिकली. आफ्रिकेत वारलेल्या मिशनरी लिव्हिंगस्टनच्या मृतदेहाबरोबर इंग्लंडपर्यंत गेलेला जेकब वेनराईट त्यातलाच. मला बायबल देणाऱ्या मावशी याच भागातल्या. निवृत्त नर्स, लग्न केलं नाही, अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचं आठ वर्षं सगळं केलं. भेटल्या की 'सलाम बाई' म्हणायच्या. वडील गेल्यावर दोन भावांच्या मधे बसून माझ्याकडे आल्या. ख्रिस्ती लोकांना १९२५ चा वारसा कायदा लागतो, त्यात मुलगा-मुलगी सारखे. कुठे अर्धं नाही, पाव नाही. (त्रावणकोरच्या ख्रिश्चनांच्या १९१६ च्या कायद्यात होतं पाव: मुलाच्या हिश्शाच्या चौथाई किंवा पाच हजार रुपये, यातलं जे कमी असेल ते. मेरी रॉय सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या तेव्हा १९८६ साली तो मोडला.) इथे असलं काही नव्हतं. तिघांना सरळ एकेक तिजाई. थोरला भाऊ रविवारी उपासनेत शास्त्रवाचन करणारा, आवाज भारदस्त. तो मला म्हणाला, "तिला पेन्शन आहे. एकटा जीव. तिला काय करायचंय घर?"

मावशींनी पर्समधून चष्मा काढला, मसुदा पूर्ण वाचला. मग मला म्हणाल्या, "ईयोबाचं शेवटचं प्रकरण वाचलंस का गं? त्याचं सगळं परत मिळतं ते?" मी नाही म्हटलं. "वाच. त्याने आपल्या तिन्ही मुलींना त्यांच्या भावांबरोबर वतन दिलं." भाऊ मोबाईल बघत होता. मावशींनी पेन मागितलं आणि प्रत्येक पानावर सुवाच्य सही केली, औषधाच्या तक्त्यावर करायच्या तशी.

ईयोबाचं, म्हणजे बायबलातल्या सगळं गमावलेल्या त्या माणसाचं, बेचाळिसावं प्रकरण मी वाचलं. खरंच आहे. मुलींची नावंसुद्धा दिली आहेत, मुलांची नाहीत. गणनेच्या पुस्तकात तर सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, मोशेसमोर उभ्या राहून विचारतात की आमच्या बापाला मुलगा नव्हता म्हणून त्याचं नाव का बुडावं, आम्हाला वतन द्या. देव म्हणतो, त्यांचं म्हणणं रास्त आहे. अर्थात भाऊ नव्हता म्हणून. आणि पुढे छत्तिसाव्या प्रकरणात टोळीतली माणसं येतात: या मुलींनी बाहेर लग्नं केली तर जमीन दुसऱ्या टोळीत जाईल. मग अट पडते की लग्न आपल्याच वंशात करा. वाचताना मला हसू आलं. या अर्जाचा मसुदा मी आजही डोळे मिटून टाईप करीन.

पुस्तकं चांगली, माणसं तेवढी वाईट, असं म्हणून सुटका करून घेता येत नाही, हे दोन्ही वाचून कळलं. निसामधल्याच चौतिसाव्या आयतीत पुरुष बायकांवर कारभारी आहेत आणि ऐकत नसेल तर शेवटी मारण्याचाही उल्लेख आहे. त्या शब्दाचे सौम्य अर्थ लावणारे विद्वान आहेत, मी त्यांच्या बाजूने असते, पण शब्द तिथे आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात बाईने शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये, असं आहे. उत्पत्तीत हव्वेला सांगितलंय की नवरा तुझ्यावर सत्ता चालवील. ही वाक्यं कुणी नंतर घुसडलेली नाहीत. मला खटकतं ते पाठांतर. एका लग्नात पाळकांनी इफिसकरांचं पत्र वाचलं, 'पत्नींनो, पतीच्या अधीन असा' इथून सुरू केलं. त्याच्या बरोबर आधीची ओळ आहे, एकमेकांच्या अधीन असा. ती गळली. पडद्याची आयत सांगणारे खूप भेटतात, त्याच्या आधीची, पुरुषांनी आपली नजर खाली ठेवावी ही, सांगणारा अजून भेटायचा आहे.

तलाकाचं तर सगळ्यांना ठाऊकच आहे. कुराणात दोनदा म्हणा, मग नीट ठेवा नाहीतर नीट सोडा, दोन्ही घरांतून एकेक मध्यस्थ बसवा, असं सगळं सावकाशीचं प्रकरण. आणि व्यवहारात एका दमात तीनदा. हमीद दलवाईंनी १९६६ साली सात मुस्लिम बायकांना घेऊन मुंबईत मोर्चा काढला, सुप्रीम कोर्टाचा निकाल लागायला २०१७ उजाडलं. पण दुसऱ्या बाजूचं फारसं कुणाला माहीत नसतं. बायबलात मार्काच्या दहाव्या प्रकरणात येशू नवरा आणि बायको दोघांनाही एकाच मापाने मोजतो. इंग्रजांनी १८६९ साली इथल्या ख्रिश्चनांसाठी केलेल्या घटस्फोटाच्या कायद्यात मात्र नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे. बायकोला नुसत्या व्यभिचारावर भागायचं नाही, वर क्रौर्य नाहीतर टाकून देणंही सिद्ध करावं लागे. ते बदललं २००१ साली. एकशे बत्तीस वर्षं.

मावशींच्या घरी भिंतीवर पंडिता रमाबाईंचा फोटो आहे. संस्कृतात शास्त्र्यांना हरवणारी बाई, पुढे ख्रिस्ती झाली. इंग्लंडमध्ये तरुण मुलांना शिकवायचा विषय निघाला तर हिंदुस्थानातल्या बिशपांनी मोडता घातला. बाईने पुरुषांना शिकवलं तर हिंदुस्थानात तिचं नाव खराब होईल म्हणे! जन्माने मिळालेला धर्म सोडून आली तरी उंबऱ्यावर तोच दरबान. पुढे त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि आख्खं बायबल मराठीत आणलं, साध्या बायकांना कळेल असं. १९२२ साली गेल्या, तोवर काम पुरं केलं होतं.

मी मोठी दुसऱ्यांची उणीदुणी काढतेय. आमचं निफाडकडे द्राक्षाचं रान आहे. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या सुधारणेने मलाही भावाइतकाच हक्क आला. २०११ साली मी तो सोडला. माझा दस्त मीच टाईप केला, भाऊ म्हणाला, तुझ्या हातून चुका होत नाहीत. साक्षीला त्याचे दोन मित्र. साहेबांनी विचारलं, "राजीखुशीने देताय ना?" कॅमेऱ्यात बघून मी हो म्हटलं, अंगठा नीट उठला नाही म्हणून ऑपरेटरने तीनदा दाबायला लावला. आई घरी पुरणपोळी करून बसली होती. सातबाऱ्यावरून माझं नाव गेलं, भाऊबीजेला साडी येते. एका एकरात किती साड्या, हा हिशोब मी कधी केला नाही. झेरॉक्सच्या पाठीवर आकडे मांडायलाही धीर लागतो.

धाकटी परवा आली. एकटीच. तो कागद तिने जपून ठेवला होता, घडीवर फाटत आलेला.

"ताई, हे नीट टाईप करून द्या."

"वर काय लिहू?"

"सूरह निसा, आयत अकरा आणि बारा. खाली हिशोब. बस."

मी तक्ता पाडला. नावं, नातं, भाग. सवयीने बोटं खाली 'राजीखुशीने' लिहून मोकळी झाली, ते खोडलं. किती प्रती विचारल्यावर तिने थोडा विचार केला. एक भाईजानला, एक मौलानासाहेबांना. मग म्हणाली, "तीन काढा. एक आपाला."

तीन पानांचे तीस रुपये झाले. तिने सुटे काढून दिले, मी घेतले.