सावद्याच्या पावतीतले दहा बाइट

रावेर-यावल पट्ट्यातल्या वजनकाट्यांवरून केळीच्या पावत्या एपीआयमार्फत (दोन प्रोग्रामांमधल्या देवाणघेवाणीच्या वाटेने) आमच्या जळगावच्या सर्व्हरवर येतात आणि त्यांवरूनच शेतकऱ्यांचा हिशेब निघतो. ऐन हंगामात एका सकाळी त्यांतल्या काही पावत्या ४०० हा, म्हणजे ‘विनंती चुकीची आहे’ असे सांगणारा, त्रुटी-क्रमांक घेऊन परत जाऊ लागल्या. काट्यावर गाड्या खोळंबल्या, कापलेला माल उन्हात, आणि काटेवाल्यांचे एकच म्हणणे होते, "भाऊ, मी काहीच बदललं नाही." ते खरेही होते, काट्यावरच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आदल्या रात्री आली होती आणि तिच्यात गावांची नावे मराठीत झाली होती. मात्र मराठी पावती अडली की तिच्या मागची संपूर्ण इंग्रजी पावतीही अडत असे, त्यामुळे संशय कशावर घ्यावा हेच उमगेना.

आमच्या लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, केवळ पत्ता, वेळ आणि ४०० एवढेच होते. म्हणून जेसॉन (पावती ज्या मांडणीत येते ती) उलगडण्याआधीच आलेला मजकूर बाइट न् बाइट टिपणारी आणि सोबत गेलेले उत्तरही लिहिणारी नोंद मी त्या एकाच काट्यापुरती सुरू केली. शेतकऱ्यांचे बँक खाते, मोबाइल क्रमांक आणि टोकन (ओळख पटवणारी गुप्त खूण) त्यात झाकले. उलगडलेला मजकूर टिपण्यात अर्थ नव्हता, कारण विनंती तिथवर पोहोचतच नव्हती.

पहिल्याच नोंदीत पावती ‘सा’पाशी तुटलेली दिसली: पुढे ‘व’च्या तीन बाइटांपैकी एकच, मग काही नाही. ‘सावदा’ या गावाच्या नावात संगणकाच्या लेखी पाच अक्षरचिन्हे आहेत, पण यूटीएफ-८ मध्ये (अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत) त्यांचे पंधरा बाइट होतात. प्रोग्राम मजकुराची लांबी सांगणाऱ्या ‘कंटेंट-लेन्थ’ या रकान्यात बाइटांऐवजी चिन्हे मोजून लांबी कळवत होता, म्हणजे दहाने कमी, सर्व्हर सांगितले तेवढेच वाचून थांबत होता. उरलेले दहा बाइट त्याच खुल्या जोडणीवर पडून राहत आणि पुढच्या विनंतीच्या तोंडी चिकटत. मागच्या इंग्रजी पावतीचा बळी जात होता तो असा, आणि ती आमच्या लॉगमध्ये न दिसता आमच्या प्रोग्रामच्या आधी विनंत्या स्वीकारणाऱ्या एनजिंक्स या वेब-सर्व्हरच्या लॉगमध्येच सापडली.

प्रोग्राम बनवणाऱ्यांना मी कच्च्या नोंदीच पाठवल्या, त्यामुळे वादाला जागा उरली नाही. मजकूर यूटीएफ-८ मध्ये बदलल्यावर मग लांबी मोजणे, एवढीच दुरुस्ती होती. संध्याकाळी अडलेल्या पावत्या पुन्हा पाठवून घेतल्या आणि ती सविस्तर नोंद बंद केली.