तुम्ही विचारलंत म्हणून: फोटो घरातच का?

"गूगलला महिन्याला शे-दीडशे रुपये भरले की फोटो तिकडे राहतात, झालं. हा जुना लॅपटॉप रात्रंदिवस कशाला घरघरत ठेवलायस?" आमच्याकडे चहाला येणारं कुणी ना कुणी हे विचारतंच.

सुरुवात निव्वळ चिक्कूपणातून झाली. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजमधली अमर्याद फुकट जागा बंद झाली आणि त्यानंतरचे सगळे फोटो १५ जीबीत मोजले जाऊ लागले. घरात एक लॅपटॉप पडून होता. त्यात दोन टीबीची डिस्क लावली, दोन यंत्रांवरचे फोल्डर सारखे ठेवणारं सिंकथिंग टाकलं, माझा आणि आईचा फोन जोडला. फोटो काढला की पाच मिनिटांत लॅपटॉपवर हजर. मी खूश.

मग एका दुपारी आईच्या फोनवर 'स्टोरेज फुल' आलं. तिने गुड मॉर्निंगची फुलं काढता काढता कॅमेऱ्याचा अख्खा फोल्डरच उडवला, वर कचरापेटीही रिकामी केली. "तुझ्या मशीनवर आहेतच की!" नव्हते. सिंक म्हणजे दोन्हीकडे सारखं; इथे पुसलं की तिथेही पुसलं. जुन्या प्रती राखून ठेवायची सोय सिंकथिंगमध्ये आहे, पण ती आपण चालू करावी लागते. मी केली नव्हती.

त्यात आजीचा एक फोटो होता. गोधडीला टाके घालताना सुईत दोरा ओवतेय, एक डोळा मिटलेला. बहिणीकडे व्हॉट्सअ‍ॅपवर तो सापडला, पण आक्रसलेला. दोरा दिसतच नाही. शिवाय व्हॉट्सअ‍ॅप फोटोतली तारीख-वेळेची माहिती काढून टाकतं, त्यामुळे आजी गेल्यानंतरच्या महिन्यात तो जाऊन बसला. तारीख मी हाताने दुरुस्त केली. दोऱ्याचं काय करणार?

त्यानंतर इमिच आणलं, म्हणजे आपल्याच मशीनवर चालणारं गूगल फोटोजसारखं अ‍ॅप. ते फोनवरून फोटो वर चढवतं; गॅलरीतून पुसलेला फोटो सर्व्हरवर, म्हणजे माझ्या लॅपटॉपवर, तसाच राहतो. चेहरे ओळखायचं काम लॅपटॉपच करतो. पहिले दोन दिवस तो तव्यासारखा तापला होता आणि एवढं करून त्याने आई आणि मावशीला एकच बाई ठरवलं. नवऱ्याच्या आयफोनचं मात्र रोज निराळं नाटक: पडद्यावर उघडं नसलेल्या अ‍ॅपला कधी काम करू द्यायचं हे तो फोन ठरवतो, म्हणून रात्री अ‍ॅप उघडून ठेवावं लागतं. आई सांगलीत, आमच्या इंटरनेटला स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोहोचता येईल असा पत्ता, नाही. तिचा फोन टेलस्केलवरून जोडलाय; ते दूरची यंत्रं एका खाजगी जाळ्यात आणतं. पुण्यात गुरुवारी वीज जाते तेव्हा लॅपटॉपची थकलेली बॅटरी अर्धा तास तग धरते.

पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर इमिच नाही. इमिचवालेच बजावतात की फोटोंची एकमेव प्रत इथे ठेवू नका. माझ्याकडे आणखी दोन डिस्का आहेत. एकीवर दर रविवारी फोटो आणि डेटाबेस दोन्ही उतरवते. डेटाबेस उतरवायचा राहून गेला तर फोटो वाचतील, पण अल्बम आणि नावं जातील. दुसरी डिस्क कोल्हापूरला बहिणीच्या कपाटात असते, साड्यांच्या खाली. गणपतीत आणि दिवाळीत अदलाबदल.

दीडशे रुपये भरणं सोपं आहे, नाही म्हणत नाही. तेही करा हवं तर. पण ते भरूनही मी विचारीन, दुसरी प्रत कुठे आहे?

आई अजूनही फोन करते, "डिलीट करू का गं?" मी आधी लॅपटॉप उघडून बघते, मग हो म्हणते.