ओपनफोम एका मशीनवर, कॅल्क्युलिक्स दुसऱ्या मशीनवर

पाण्याच्या धारेत रबराची पट्टी उभी केली तर ती वाकते, आणि ती वाकली की धाराही बदलते. धारेचं गणित ओपनफोम हा प्रोग्रॅम करतो, पट्टीचं कॅल्क्युलिक्स हा दुसरा प्रोग्रॅम. त्या दोघांची गाठ घालून देते प्रीसाइस ही मुक्त लायब्ररी. मध्ये वेगळा सर्व्हर नसतो. लायब्ररी दोन्ही प्रोग्रॅमना जोडलेली असते आणि ते थेट एकमेकांशी बोलतात.

पहिली अडचण सुरुवातीलाच येते. दोन्ही प्रोग्रॅम चालू होतात आणि एरर न देता नुसते थांबून राहतात. जोडणी स्वीकारणारा प्रोग्रॅम आपला पत्ता आणि पोर्ट 'प्रीसाइस-रन' फोल्डरमधल्या एका छोट्या फाइलीत लिहितो. दुसरा ती फाइल दिसेपर्यंत वाट पाहतो. म्हणून दोन मशीन असतील तर हा फोल्डर दोघांनाही दिसणाऱ्या सामायिक डिस्कवर हवा. शिवाय प्रीसाइसची नेटवर्कची मूळ सेटिंग लिनक्सवर लूपबॅकची असते, म्हणजे त्याच मशीनपुरती. तिथे खऱ्या नेटवर्क कार्डाचं नाव घाला. आधीचं रन मध्येच पडलं असेल, तर जुना 'प्रीसाइस-रन' उडवून मगच पुन्हा सुरू करा. नंतर फायरवॉल तपासा.

नेटवर्क हळू पडेल ही भीती मात्र बहुतेक वेळा अनाठायी असते. मेश (गणितासाठी जागेचे पाडलेले बारीक तुकडे, म्हणजे सेल) दहा लाख सेलचं असलं तरी ये-जा फक्त पट्टीच्या पृष्ठभागावरच्या आकड्यांची होते. ३,००० बिंदू, प्रत्येकी ३ घटक, प्रत्येक घटकाला ८ बाइट: एका खेपेला ७२,००० बाइट. गिगाबिट केबलवर हे मिलिसेकंदाच्या आतलं काम. वेळ जातो तो एकाने दुसऱ्यासाठी थांबण्यात. प्रवाहाला १२ सेकंद आणि पट्टीला १ सेकंद लागत असेल, तर प्रोसेसरचे जादा कोअर ओपनफोमलाच द्या. पट्टीचा तो १ सेकंद कमी करून हाती फारसं काही लागत नाही.

खरी डोकेदुखी घनतेची. पाणी आणि रबर यांची घनता जवळपास सारखी, त्यामुळे प्रत्येक टाइमस्टेपला (गणित वेळेत पुढे सरकतं ते छोटं पाऊल) एकदाच देवाणघेवाण केली की उत्तर उधळतं. अशा वेळी हात आपसूक टाइमस्टेप लहान करण्याकडे जातो. पण न दबणाऱ्या द्रवात त्याने अस्थिरता उलट वाढते! इलाज इम्प्लिसिट कपलिंगचा: तीच टाइमस्टेप दोन्ही बाजू जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा सोडवायची. सुरुवातीचं रिलॅक्सेशन (नव्या उत्तरातला किती भाग घ्यायचा तो आकडा) ०.५, जुळलं असं मानण्याची सापेक्ष मर्यादा ०.००५ आणि लवकर जुळावं म्हणून आयक्यूएन-आयएलएस ही प्रवेगाची पद्धत, इथून सुरुवात करावी. मग इटरेशनची, म्हणजे या पुन्हा सोडवण्याच्या फेऱ्यांची, लॉग फाइल उघडा. फेऱ्यांचा आकडा दर वेळी कमाल मर्यादेला टेकत असेल, तर ती मर्यादा वाढवण्याआधी मॅपिंग, म्हणजे एका बाजूच्या बिंदूंवरचे आकडे दुसऱ्या बाजूच्या बिंदूंवर नेण्याची पद्धत, बघा. बलासाठी 'कॉन्झर्व्हेटिव्ह' (एकूण बेरीज राखणारं) आणि विस्थापनासाठी 'कन्सिस्टंट' (जागच्या जागी किंमत राखणारं) हवं. बलाला चुकून 'कन्सिस्टंट' लागलं तर एकूण बल बदलतं. दोन्ही बाजूंच्या बलांची बेरीज करून पाहिली की ते लगेच सापडतं.